काटक हंगामी फुलझाडे : बीजांची उगवण आणि वाफ्यातील शत्रू
(कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

उद्यानविद्येच्या पाश्चात्त्य ग्रंथांत एकवर्षायू फुलझाडांचे ‘काटक’, ‘अर्धकाटक’ व ‘नाजूक’ असे तीन वर्ग केलेले आढळतात. या वर्गीकरणाचा पाया एकच आहे : हिमतुषार. ज्या झाडाचे बी उघड्या जमिनीत पेरले असता त्याचे रोप कडाक्याच्या थंडीतही तग धरते ते काटक. ज्याला आरंभी काचघराचा आश्रय द्यावा लागतो ते अर्धकाटक. हे वर्गीकरण इंग्लंडमधील बागेस योग्य असले, तरी ते जसेच्या तसे कोल्हापुरास लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने अंगरखा बेतण्यासारखे होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील या नगरात किमान तापमान क्वचितच १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. येथे रोपाला मारते ती थंडी नव्हे. जून ते सप्टेंबर अखंड ओली राहणारी माती आणि त्यानंतर सात-आठ महिने चालणारी कोरड या दोहोंच्या कैचीतून जे रोप सुटते, तेच या प्रदेशात काटक म्हणावयास पात्र ठरते.

या दृष्टीने पाहिले असता पाश्चात्त्य यादी बरीचशी उलटीसुलटी होते. इंग्रजी पुस्तकांत अर्धकाटक म्हणून नोंदलेला झेंडू येथे रस्त्याच्या कडेला, परसात, उसाच्या बांधावर निर्धोक वाढतो. मेक्सिकोतून आलेला कॉसमॉस आणि उत्तर अमेरिकेतून आलेला गलांडा एकदा लावले की पुढील वर्षी आपोआप उगवतात. उलट, इंग्लंडात हाताने फेकून पेरले तरी येणारे लार्कस्पर किंवा नायजेला यांचे बी येथे ऑक्टोबरच्या उष्म्यात आठवडेच्या आठवडे मातीत निश्चल पडून राहते.

तथापि या प्रदेशातील खरी काटक एकवर्षायू झाडे पाहावयाची असतील, तर बाग सोडून सड्यावर जावे लागते. पन्हाळा, मसाई पठार, आंबा, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यातील जांभ्याच्या उघड्या पठारांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. उन्हाळ्यात तेथे पाय ठेवावा तर खडक पोळतो, आणि ऑगस्टमध्ये त्याच खडकावर पाणी साचून राहते. अशा जागी तेरडा, सोनकी, कवला, गेंद व ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी कीटकभक्षी वनस्पती यांचे ताटवे फुलतात आणि अल्पकाळात संपतातही. शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या, एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांच्या ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ या ग्रंथात जिल्ह्याच्या या वनस्पतिसृष्टीची नोंद आहे. सड्यावरील एकवर्षायू वनस्पतींचे सारे आयुष्य चार महिन्यांचे असते. उरलेले आठ महिने ती केवळ बीजरूपाने अस्तित्वात असतात. किंबहुना, बीज हीच त्यांची स्थायी अवस्था व फुललेले झाड ही तिची अल्पकालीन बाह्य खूण, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

तेरड्याचेच उदाहरण घ्यावे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि भाद्रपदात कोल्हापूर परिसरातील अनेक घरांत गौर म्हणून तेरड्याची समूळ रोपेच आणली जातात. या झाडाच्या वंशाला इम्पेशन्स, म्हणजे ‘अधीर’, हे नाव मिळाले ते त्याच्या बोंडामुळे. पक्व बोंडाला बोट लागताच त्याची पाचही शकले ताणलेल्या कमानीसारखी आत वळतात आणि बी दूर फेकले जाते. फुलाचा रंग तीन दिवसांत उडतो हे खरे. परंतु फेकलेले बी पुढचा मृग लागेपर्यंत खडकाच्या भेगेत तग धरून राहते. या दुसऱ्या गुणाची दखल म्हणीने घेतलेली नाही.

आता प्रश्न असा की, वळवाच्या पहिल्या सरीने जमीन भिजताच सारे बी एकदम का उगवू नये? मे महिन्यात वळीव पडतो, आठ दिवस ओल टिकते आणि पुन्हा पंधरा-वीस दिवस ऊन तापते. त्या वेळी सर्व बी उगवले असते तर त्या जातीचा तेथेच शेवट झाला असता. १९६६ साली डॅन कोहेन यांनी या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. त्यांच्या प्रतिमानाचा सारांश असा की, जेथे काही वर्षे चांगली व काही पूर्णपणे वाया जाणारी असतात, तेथे दरवर्षी बीजांचा केवळ काही अंशच उगवणे जातीच्या हिताचे असते. आणि विशिष्ट परिस्थितीत तो अंश चांगले वर्ष येण्याच्या संभाव्यतेइतका असतो. उरलेले बी मातीत ठेव म्हणून राहते. ही ठेव किती दीर्घकाळ टिकू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिशिगनमधील विल्यम बील यांच्या प्रयोगाचे. त्यांनी १८७९ साली वाळूत मिसळलेल्या बीजांच्या २० बाटल्या पुरून ठेवल्या. त्यांपैकी २०२१ साली उकरलेल्या बाटलीतील काही बीजे १४२ वर्षांनंतरही उगवली.

बागाईतदाराचे गणित याच्या नेमके विरुद्ध असते. त्याला सारे बी एकाच आठवड्यात, एकाच उंचीचे उगवून हवे असते. म्हणूनच मानवाने लागवडीखाली आणलेल्या फुलझाडांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने सुप्तावस्था जवळजवळ नाहीशी झाली आहे. झेंडूचे बी अनुकूल उष्णतेत चार ते सात दिवसांत उगवते, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. (ज्याला झेंडूचे ‘बी’ म्हणतात ते वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या एकबीजी शुष्क फळ, म्हणजे कृत्स्नफळ होय, परंतु बाजारातील शब्द बदलण्याचे कारण नाही.) एकाच वेळी उगवण्याचा हा गुण सोयीचा खरा, पण त्याची किंमत मोजावी लागते. सड्यावरील तेरड्याचे एका रात्रीत शंभर अंकुर गोगलगाईंनी खाल्ले तरी मातीत शेकडो बीजे शिल्लक असतात. वाफ्यातील झेंडूचे शंभर अंकुर खाल्ले गेले की मागे काही उरत नाही. लागवडीतील फुलझाड वाढीच्या अवस्थेत कितीही काटक असले, तरी उगवणीच्या पहिल्या पंधरवड्यात ते आपल्या रानटी आप्तांपेक्षा कितीतरी दुबळे असते. आणि उपद्रवाचा प्रश्न मुख्यतः या पंधरवड्याचा आहे.

कोल्हापुरात हा पंधरवडा नेमका कोणत्या दिवसांत पडतो हे दसरा ठरवितो. येथील शाही दसऱ्याचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी दारोदारी तोरणासाठी व वाहने-अवजारांच्या पूजेसाठी झेंडू लागतो, आणि आदल्या दोन दिवसांत जो माल बाजारात येतो त्याचाच भाव होतो. दसऱ्यानंतर आठवड्याने फुललेल्या शेताला दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागते. झेंडूचे रोप वाफ्यात २५ ते ३० दिवस राहते आणि पुनर्लागणीपासून साधारण ६० ते ६५ दिवसांत भर फुलावर येते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. त्यावरून मागे मोजले असता लागण जुलैअखेर ते ऑगस्टच्या आरंभी आणि पेरणी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात येते. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे दसरा २० ऑक्टोबरला येत असल्याने हे सारे वेळापत्रक १८ दिवसांनी पुढे सरकते. एका वर्षी पेरणी आर्द्रा-पुनर्वसूत, तर दुसऱ्या वर्षी पुष्याच्या आसपास. दोन्ही वेळा पावसाचा जोर असतोच. म्हणजे बीज उगवविण्यास जो काळ सर्वांत प्रतिकूल, त्याच काळात ते उगवविणे पंचांगाने भाग पाडले आहे. वाफा एकदा फसला तर पुन्हा पेरण्यास पुरेसे दिवस उरत नाहीत, आणि संकरित बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा करण्याची अनेक लहान शेतकऱ्यांची ऐपत नसते.

वाफ्यातील शत्रूंचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. त्यांतील सर्वांत घातक शत्रू डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्या अपराधाचे खापर बहुधा दुसऱ्यांवर फोडले जाते. रोपे कोलमडण्याचा रोग तो हाच. कधी बी उगवण्यापूर्वीच मातीत कुजते, तर कधी उगवलेल्या रोपाची मान जमिनीलगत पाणचट होऊन ते आडवे पडते. पहिल्या प्रकारात ‘बी खराब निघाले’ म्हणून विक्रेत्याला दोष दिला जातो. दुसऱ्या प्रकारात ‘किड्याने कुरतडले’ असे समजून कीटकनाशक टाकले जाते. दोन्ही निदाने चुकीची ठरतात.

या रोगास मुख्यतः पिथियम व रायझोक्टोनिया हे मातीतील जीव कारणीभूत होतात. यांतील भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. पिथियमची गणना पूर्वी कवकांत होत असे. आता तो खऱ्या कवकांहून वेगळ्या, पाण्याशी निगडित अशा गटात मोडतो. त्याच्या पेशिभित्ती मुख्यतः कायटिनच्या नसून सेल्युलोज व तत्सम द्रव्यांच्या असतात आणि त्याचे चलबीजाणू मातीतील पाण्याच्या पापुद्र्यातून अक्षरशः पोहत मुळापर्यंत जातात. रायझोक्टोनियाला अशा पोहण्याची आवश्यकता नसते. तो तंतूंनी पसरतो. परिणामी, कार्बेन्डाझिम हे सर्वत्र हाताशी असलेले औषध रायझोक्टोनियाला आवरते, पण पिथियमवर जवळजवळ निष्प्रभ ठरते. मेटॅलॅक्सिलची गोष्ट याच्या उलट आहे. निदानाशिवाय केलेली फवारणी निम्म्या वेळा व्यर्थ जाते ती यामुळेच. ट्रायकोडर्मा या उपकारक कवकाची बीजप्रक्रिया (किलोमागे साधारण ४ ते ५ ग्रॅम) दोन्ही शत्रूंशी काही अंशी झुंजते. मात्र ट्रायकोडर्मा हा जिवंत जीव आहे. तो रासायनिक कवकनाशकाबरोबर एकाच वेळी कालविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच प्रथम विष देण्यासारखे आहे.

औषधापेक्षा अधिक काम वाफ्याची रचना करते. १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा, दोन्ही बाजूंनी पाणी निघून जाण्यास चर, बी फेकून न पेरता ५ ते ७ सेंटिमीटरांवरील ओळींत विरळ पेरणे, आणि बीजाच्या जाडीच्या दोन-तीन पट एवढाच मातीचा थर. पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ती माती पाणी धरून ठेवते आणि तिची पोकळी पाण्याने भरली की मुळांना हवा मिळत नाही. पन्हाळ्याकडील तांबडी माती या बाबतीत अधिक सोयीची आहे. दाट पेरणीचा मोह मात्र सर्वत्र सारखाच आढळतो. ‘काही मरतील म्हणून थोडे जास्त’ अशा हिशेबाने टाकलेले बी दाट उगवते, रोपांच्या बुडाशी हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि ज्या मरणाच्या भयाने बी जास्त टाकले तेच मरण त्यामुळे ओढवते.

दुसरा मोठा शत्रू गोगलगाय. शंखी व बिनशंखी असे तिचे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. दोन्ही रात्री फिरतात, दोन्हींना ओल लागते, आणि दोन्ही असंख्य सूक्ष्म दातांच्या पट्टीने पान खरवडून खातात. त्यामुळे मोठ्या झाडाच्या पानावर भोके पडतात, पण दोन पानांच्या अंकुराचा केवळ देठ उरतो, किंवा तोही उरत नाही. झेंडूच्या बाबतीत येथे एक विसंगती दिसते. या झाडाची कीर्ती शेतकऱ्यांचा पहारेकरी म्हणून आहे. त्याच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिल या द्रव्याचा सूत्रकृमींवरील परिणाम १९५८ साली नेदरलँड्समध्ये सिद्ध झाला. टोमॅटोच्या शेतात फळे पोखरणाऱ्या अळीला भुलविण्यासाठी झेंडूच्या ओळी लावण्याची शिफारसही प्रसिद्ध आहे. परंतु ज्या झाडाच्या भरवशावर इतर पिके राखावयाची, त्याचे कोवळे रोप हे गोगलगाईंचे अत्यंत आवडते खाद्य आहे. मुळातील विष सूत्रकृमींना जाचते, पानांच्या उग्र वासाने गोगलगाय मात्र हटत नाही. ‘झेंडूला काही लागत नाही’ ही समजूत प्रौढ झाडापुरती खरी आणि रोपापुरती साफ खोटी आहे.

महाराष्ट्रात २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील सोयाबीनवर शंखी गोगलगाईंनी केलेल्या हल्ल्यामुळे या प्राण्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय ही जात १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील एका बागेत ती सोडली गेली, असा तिच्या भारतातील आगमनाचा इतिहास सांगितला जातो. उभयलिंगी असल्याने प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते, आणि एका वेळी ती शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. म्हणून पावसाच्या आरंभी वेचलेली एक गोगलगाय ही श्रावणात वेचलेल्या शंभरांच्या बरोबरीची समजावयास हरकत नाही.

उपायांच्या बाबतीत लोकश्रद्धा आणि परीक्षण यांची येथे चांगलीच गाठ पडते. अंड्यांची टरफले, खरखरीत रेती, तांब्याची पट्टी यांचा वेढा रोपाभोवती द्यावा, असे बागविषयक पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या रोपांवर अशा अडथळ्यांचे परीक्षण करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा अडथळा असलेल्या व नसलेल्या रोपांच्या हानीत लक्षणीय भेद आढळला नाही. मिठाने गोगलगाय मरते हे खरे. पण वाफ्यात मीठ टाकणे म्हणजे चोराला हाकलण्यासाठी घराला आग लावणे होय. मेटाल्डिहाइडची आमिषे परिणामकारक आहेत. मात्र ती खाऊन कुत्री-मांजरे दगावतात, आणि याच कारणपरंपरेमुळे ब्रिटनमध्ये त्यांच्या बाहेरील वापरावर २०२२ पासून बंदी आली. या सर्वांत जो उपाय सर्वांत कमी दिमाखाचा, तोच कोल्हापुरास सर्वांत सोयीचा आहे : गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी वाफ्याच्या कडेने पसरावी आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवाव्या. गूळ येथे दुर्मीळ नाही, गोणपाटही नाही. दुर्मीळ असते ते सलग पंधरा दिवस पहाटे उठण्याचे सातत्य.

मुंग्यांचा उपद्रव वेगळ्या स्वरूपाचा आहे, कारण त्या रोपाला नव्हे तर बीजालाच नेतात. धान्य साठविणाऱ्या मुंग्यांच्या अनेक जाती दख्खनच्या पठारावर आहेत. त्यांच्या वारुळाच्या तोंडाशी पडलेला गवताच्या फोलपटांचा ढीग पाहून त्या सहज ओळखता येतात. हिवाळी फुलझाडांचे हलके बी कोरड्या हवेत पेरले असता त्या एका दुपारी अर्धा वाफा रिता करू शकतात. पावसाळी वाफ्यात त्यांचा त्रास त्यामानाने कमी. हळद किंवा राख भुरभुरण्याची रीत घरोघरी आहे. तिचा परिणाम पहिले पाणी दिले की संपतो. बी पेटीत पेरून पेटीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे, ही स्वयंपाकघरातील दुधाच्या भांड्याची जुनी युक्ती, बीजपेटीलाही तितकीच लागू पडते.

कटवा, म्हणजे देठ कुरतडणारी अळी, आणि रातकिडे यांचे काम एका रात्रीत उरकते. रोप जमिनीलगत स्वच्छ कापलेले व शेजारीच पडलेले दिसले की बोटाने तेथील माती उकरावी. बोटभर खोलीवर अंगाची वेटोळी केलेली काळपट अळी बहुधा सापडते. तेरड्याच्या मोठ्या झाडावर थेरेट्रा ओल्डनलँडी या पतंगाची, शेपटाशी शिंगासारखा काटा असलेली अळी येते व दोन दिवसांत फांद्या निष्पर्ण करते. पण ती वाफ्याच्या प्रश्नात मोडत नाही. हुमणीविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ऊसपट्ट्यात हुमणीची धास्ती मोठी असल्याने शेणखतात पांढरी अळी दिसली की सारे खत टाकून देण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः खताच्या ढिगातील पुष्कळशा जाड अळ्या कुजणाऱ्या द्रव्यांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या असतात आणि जिवंत मुळांना त्या फारसा त्रास देत नाहीत. खरी हुमणी खताच्या ढिगापेक्षा जमिनीतून येते. तिचे काही भुंगेरे वळवानंतरच्या संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि झाडे हलवून त्यांना गोळा करणे हाच त्यांचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे. अर्धवट कुजलेले खत वाफ्यात टाळावे हे योग्यच. पण त्याचे मुख्य कारण पिथियम हे होय, हुमणी नव्हे.

एक काळ असा होता की या सर्व प्रश्नांना एकच उत्तर दिले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅमेक्झीन या नावाने बीएचसीची भुकटी खेडोपाडी पोहोचली, आणि पेरणीपूर्वी वाफ्यात ती मिसळणे हा जणू मशागतीचाच भाग बनला. मुंग्या, वाळवी, हुमणी, सर्वांवर तीच. तिचा त्वरित परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही क्लोरीनयुक्त द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात, आणि भुंगेऱ्यांचे भक्षक कीटकही मारतात. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली; लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला. वाफ्यात सर्रास टाकले जाणारे फोरेटही ३१ डिसेंबर २०२० नंतर वापरता येत नाही. तरीही जुन्या पुस्तिकांतून उतरविलेल्या शिफारशींत ही नावे अद्याप आढळतात. विद्यार्थ्यांनी अशी शिफारस उद्धृत करताना तिचे साल प्रथम पाहिले पाहिजे.

या भुकट्यांच्या आधीच्या काळाकडे वळल्यास एक अनपेक्षित वाट दिसते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत आणि घाटाखाली कोकणात भात-नाचणीच्या तरव्यासाठी जमीन राबाने भाजण्याची रीत जुनी आहे. पालापाचोळा, फांद्या व शेण यांचा थर पसरून मे महिन्यात तो पेटविला जातो. सरकारी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात या रीतीकडे जंगलाचा नाश म्हणून पाहिले, आणि ती तक्रार निराधार नव्हती. परंतु हॅरल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा राबातील गुण केवळ राखेच्या खतात शोधणे पुरेसे नाही, माती तापण्याच्या परिणामाचाही विचार केला पाहिजे, हे पुढे आले. तापलेल्या वरच्या थरात तणाचे बी व रोगकारक जीव यांचे प्रमाण घटते. इस्रायलमध्ये जेकब काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेली सूर्यतापनाची पद्धत हे याच तत्त्वाचे निर्धूम रूप म्हणता येईल. वाफा भिजवून त्यावर पातळ, पारदर्शक पॉलिथिन ताणून कडा मातीत गाडावयाच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावयाचे. वरच्या काही सेंटिमीटरांत तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते. काळे पॉलिथिन या कामी कमी उपयोगी, कारण ते उष्णता स्वतःच शोषून घेते. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत या पद्धतीस लागणारे ऊन विनामूल्य उपलब्ध असते. मात्र नंतर वाफा खोल खणू नये. खणल्यास खालची न तापलेली माती वर येते आणि सहा आठवड्यांचे श्रम अर्ध्या तासात नाहीसे होतात.

हिवाळी फुलझाडांचा प्रश्न निराळा. कॅलेंड्युला, कॉर्नफ्लॉवर, लार्कस्पर, स्वीट पी यांची पेरणी पावसाळा सरताच करण्याचा प्रघात आहे. पण ऑक्टोबरमधील दुपारचे तापमान तिशीच्या वर असते, आणि लार्कस्परसारख्या बीजांची उगवण सुमारे १८ अंशांखाली व अंधारातच नीट होते. त्यांच्या बाबतीत दिवाळीनंतरची पेरणी अधिक यशस्वी ठरते. घाई असल्यास ओल्या वाळूत मिसळून बी दोन आठवडे शीतकपाटात ठेवावे. स्वीट पीचे कठीण कवच रात्रभर भिजविल्याने मऊ होते. या काळात गोगलगाई ओसरलेल्या असतात, परंतु चिमण्या व मुंग्या त्यांची जागा घेतात. वाफ्यावर बाभळीच्या काटक्या किंवा साधी जाळी पहिली खरी पाने येईपर्यंत पुरते.

राहिला निदानाचा प्रश्न. वाफ्यात रिकामी जागा दिसली म्हणजे तिचा कर्ता कोण हे ठरविण्यासाठी तेथील माती चाळून पाहावी लागते. बी मुळीच सापडले नाही तर मुंग्या किंवा पक्षी. कवच सापडले पण आतून मऊ व तपकिरी झालेले असेल तर रोपमर. देठाचा खुंट उरला व शेजारी चकाकणारी वाळलेली रेघ दिसली तर गोगलगाय. खुंट स्वच्छ कापलेला व शेंडा पडलेला असेल तर कटवा. बी घट्ट व अखंड सापडले तर ते मृत आहे की सुप्त, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी ते भिजवून, उभे चिरून टेट्राझोलियमच्या फिकट द्रावणात ठेवावे. जिवंत गर्भ लाल रंगतो, मृत गर्भ रंगत नाही. तथापि या सर्वांच्या आधी, पेरणीपूर्वीच, त्याच पुडीतील १०० बीजे ओल्या कागदात गुंडाळून आठ दिवस ठेवली पाहिजेत. त्यांपैकी ८० उगवली असतील आणि वाफ्यात ३० उगवली, तर मातीत गमावलेल्या ५० अंकुरांचा हिशेब मागता येतो. कागदातच ३५ उगवली असतील, तर गोणपाट, गूळ व जाळी यांचा खर्च करण्यापूर्वी ती पुडी परत करणे बरे.